एकतीस वेळा पोटदुखी

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल होती. तिचं नाव 'पोट'. आता ती मी पुसून टाकली आहे, पण त्याआधी तिच्यापायी एका पोराचं वर्ष, कदाचित सगळं पुढचंच, मातीत जायची वेळ आली होती. आणि ती फाइल बनवणारी दीडशहाणी म्हणजे मी. तेव्हा ही हकिकत मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगायला लागलं तर उगाच माझं कौतुक करेल.

माझं टायपिंगचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज, दाखल्यांच्या नकला. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती. उंच गिऱ्हाईक आलं की मान वाकडी करूनच बोलतं. समोर काचवाल्यांची गल्ली. ही माणसं तीन पिढ्यांपूर्वी लांबून आली. घरात अजून त्यांची भाषा बोलतात, त्यांची प्रार्थना वेगळी, आडनावं ऐकून कारकुनांच्या कपाळाला आठ्या पडतात. शहराच्या निम्म्या खिडक्यांना काचा ह्यांनी बसवल्या, तरी कचेरीत ह्यांचं नाव 'त्या गल्लीतले' असंच. कचेरीची भाषा त्यांना बोलता येते, कागदावर उतरवायची म्हटलं की घाम फुटतो. म्हणून गल्लीचा प्रत्येक कागद बावीस वर्षं माझ्या हाताखालून जातोय. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.

त्यातलाच हा काचवाला. बुटका, रुंद खांद्यांचा, डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा वण. बोलणं इतकं कमी की पहिल्या वर्षी मला वाटायचं, ह्याला ऐकूच येत नसावं. कुठल्याही खोलीत शिरला की आधी खिडकीकडे बघणार, मग माणसांकडे. माझ्याकडे पहिल्यांदा आला तो रहिवासी दाखल्याचा अर्ज करायला. अर्ज राहिला बाजूला, हा माझ्या काउंटरच्या काचेच्या कडेवरून बोट फिरवत बसला. म्हणाला, ताई, ही काच दोन सूत आखूड बसली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हटलं, भाऊ, मी सात वर्षं इथे बसते, मला नाही कधी दिसलं. तर म्हणाला, पण आहे ना. आणि दुसऱ्या दिवशी न विचारता नवी काच बसवून गेला. असला माणूस.

त्याच्या धंद्याची एक गोष्ट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुकानांच्या दर्शनी भागाला लागते तसली मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. ती उभी धरून न्यायची, एक पुढे, एक मागे, दोघांच्या तळहातांत चामड्याचे तुकडे. पुढच्याला मागचा दिसत नाही, नुसती हाक ऐकू येते. जिन्यावर तर खालच्याच्या अंगावर सगळा भार. एकाचं पाऊल चुकलं की दुसऱ्याचं मनगट गेलंच म्हणून समजा. म्हणून त्या गल्लीत जोडीला फार जपतात. भावाभावांची जोडी, बापलेकांची जोडी. परक्याबरोबर काच उचलायची नाही, हा त्यांचा नियम. काचवाल्याची जोडी त्याच्या थोरल्या भावाशी होती. भावाची पाठ गेली, तेव्हा ह्याने नियम मोडून एक माणूस रोजावर घेतला. तीन आठवडे टिकली ती जोडी. हातावरचा वण त्यातलाच. मग त्याने कानाला खडा लावला आणि दोन वर्षं नुसते आरसे आणि न्हाणीघरांची तावदानं बसवली. घर कसंबसं चाललं. बायको काचांच्या कडा घासून द्यायची, तिच्या बोटांवर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या.

आणि मग मुलाचा खांदा बापाच्या खांद्याला लागला.

मुलाला गल्लीत 'दोनसूत' म्हणायचे, कारण तो तेवढाच जाड होता. पण अंगात ताकद, आणि बापाचं पाऊल त्याने असं उचललेलं की रिकाम्या हाताने रस्त्यावरून चालले तरी दोघांचा डावा पाय एकदम पडायचा. मी एकदा हसले त्यावर, तर दोघंही एकदमच थांबले. पोरगं हुशार. माझ्या दुकानात येऊन कुणाचीही पाठ्यपुस्तकं झेरॉक्सला आलेली असली की चाळत बसायचं, आणि गणिताचं असलं तर गिऱ्हाईक परत येईपर्यंत मागची उत्तरं पडताळून मोकळं. मला मावशी म्हणायचं. मावशी म्हणून चहा आणायला लावला तर मात्र कधी ऐकायचं नाही.

मोठी काच महिन्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी यायची, तीही ठेकेदाराच्या सोयीने, म्हणजे नेमकी शाळेच्या वेळात. पहिल्यांदा खाडा झाला तेव्हा शाळेने पालकाची चिठ्ठी मागितली. काचवाला आला माझ्याकडे. मी विचारलं, कारण काय लिहू? म्हणाला, माझ्याबरोबर कामाला होता. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, भाऊ, असं लिहून दिलंत तर उद्या कुणीतरी तपासायला येईल तुमच्या दारात. आजारपण लिहू या. काय दुखत होतं सांगा. त्याने कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. माप घेताना फिरवतो, तसंच. मग म्हणाला, पोट.

पुढच्या वेळी मी म्हटलं, आता ताप लिहू. नाही म्हणाला. मग सर्दी, डोळे आले, पाय मुरगळला, घरात एवढी रोगराई आणली मी त्याच्यासाठी. तो मान हलवत राहिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की एकदा दिलेलं माप बदललं तर काच चौकटीत बसत नाही. पोट दिलंय तर पोटच. मला हसू आलं. मी फाइल करून ठेवली, 'पोट' नाव दिलं, आणि दर वेळी तारीख बदलून कागद त्याच्या हातात द्यायला लागले. तो खाली 'पालक' लिहिलेलं असायचं तिथे सावकाश सही करायचा. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांत एकतीस.

आता मला सांगा, एखाद्या पोराचं पोट दोन वर्षांत एकतीस वेळा दुखतं, एकाच शब्दांत दुखतं, तर शाळेतल्या एका तरी माणसाला विचारावंसं वाटू नये, बाळा, तुला होतंय तरी काय? पलीकडच्या बंगल्यातला मुलगा दोनदा आला नाही तर ह्याच शाळेतून घरी फोन जातो. मला माहीत आहे, त्याच्या आईची झेरॉक्स माझ्याकडेच असते. पण दोनसूत त्या गल्लीतला. त्या गल्लीतली पोरं खाडे करतात, मग एक दिवस यायची बंद होतात, हे शाळेत आधीच ठरलेलं. चिठ्ठी घ्यायची, टाचणी लावायची, फाइलला टाकायची. नुसतं आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि मग आठवतं की मीही कुठे काही विचारलं होतं. मी तर तारीख बदलत होते.

शेवटच्या वर्षी कॉलेजांचे फॉर्म आले. शाळेत ते बोलावून बोलावून दिले, पण ठरावीक मुलांना. दोनसूतला कुणी बोलावलं नाही आणि त्यालाही ते नवल वाटलं नाही. बंगल्यातली ती बाई मुलाचा फॉर्म झेरॉक्सला घेऊन आली. दुसऱ्या शहरातलं मोठं कॉलेज, गणिताचा अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, आणि पहिल्या दहांना राहण्याखाण्यासकट सगळं माफ. माझ्या मशीनमधून एक प्रत तिरकी निघाली. मी ती चुरगाळणार, तेवढ्यात दोनसूतने हात पुढे केला. मावशी, ही नको असेल तर मी घेऊ? तिरका का होईना, फॉर्म तो फॉर्म. आम्ही दोघांनी तो माझ्याच काउंटरवर भरला. परीक्षेला तो एकटा जाऊन आला, आणि यादी लागली तेव्हा चौथा होता.

गल्लीत यादी हातोहात फिरली. त्याची आई माझ्याकडे आली, बराच वेळ घुटमळली, आणि मग विचारलं, ही शिकणारी माणसं दिवसभर हातांनी काय करतात हो? मी म्हटलं, काही नाही, लिहितात. तिने स्वतःचे हात पदरात घेतले. काचवाल्याने यादी बघितली, घडी घातली, खिशात ठेवली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

आठ दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. शाळेने पाठवलेल्या नोंदीत एकतीस दिवस पोटाचा आजार दिसतो, वसतिगृहात असा विद्यार्थी घ्यायचा तर समितीपुढे खुलासा हवा, पालकांसह हजर राहा, डॉक्टरांचा दाखला आणा. मुदत संपली तर जागा यादीतल्या अकराव्याला. पत्र मीच वाचून दाखवलं.

पहिल्यांदा दोनसूतला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबलं, तर ह्याला गुदगुल्या झाल्या. हसत सुटला. पोट ठणठणीत, कधीही काही झालेलं नाही, असं डॉक्टर लिहायला तयार. म्हणजे आणखी पंचाईत. आजार होता म्हणावं तर जागा जाते, नव्हता म्हणावं तर बापलेक दोन वर्षं खोटं बोलले हे सिद्ध होतं. मग मी माझं डोकं चालवलं. ते चाललं की काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे. ओळखीचा एक दुसरा डॉक्टर गाठला आणि त्याच्याकडून लिहून घेतलं की आजार होता, उपचार झाले, आता पूर्ण बरा आहे. शिक्क्यासकट. काचवाल्याला सांगितलं, काही बोलू नका, मी हा कागद पुढे करीन. तो काहीच बोलला नाही. तो नेहमीच काही बोलत नाही, म्हणून मी समजले, ठरलं.

आम्ही तिघं पहाटेच्या बसने गेलो. काचवाला ठेवणीतल्या शर्टात, दोनसूत बापाच्या बुटांत. समितीची खोली मोठी, टेबलामागे तिघं जण. मधे चष्मा लावलेल्या वयस्क प्राध्यापिका. आणि टेबलावर माझ्या एकतीस चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या. बावीस वर्षांत माझं काम असं मांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाईंनी मुलाला विचारलं की नेमकं काय होतं पोटाला. दोनसूतने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. मी पर्समध्ये हात घातला. बाप कुठे बघत होता म्हणाल तर बाईंच्या मागच्या खिडकीकडे. मला त्याला चिमटा काढावासा वाटला. तेवढ्यात तो उभा राहिला. कचेरीची भाषा, तीही त्याची मोडकीतोडकी, पण शब्द एकेक खाली ठेवल्यासारखा.

"ह्याचं पोट कधी दुखलं नाही. मी त्याला कामाला नेत होतो. मोठी काच एकट्याने उचलत नाहीत. ह्याचं पाऊल माझ्या पावलाला जुळतं, दुसऱ्याचं जुळत नाही. पोट मीच सांगितलं. चूक माझी, ह्याची नाही."

माझं नावसुद्धा घेतलं नाही त्याने. मी पर्समधला हात तसाच ठेवून बसले.

टेबलाच्या कडेचा एक जण म्हणाला की खोट्या चिठ्ठ्या ही गंभीर बाब आहे. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या चिठ्ठ्या एकेक करून पालथ्या घालत होत्या, मागे कुणाचा शेरा आहे का बघत होत्या. एकीवरही नव्हता. शाळेतून कधी कुणी विचारायला आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. काचवाला म्हणाला, नाही, आम्हाला वाटलं, त्यांना पटलं असेल. त्यात टोमणा नव्हता.

मग बाईंनी चष्मा काढला.

"आणि हा मुलगा इथे आला," त्या म्हणाल्या, "तर तुमची मोठी काच कोण उचलणार?"

दोनसूतने खाली मान घातली. हा प्रश्न तो किती महिने गिळून बसला होता ते मला त्या क्षणी कळलं. फॉर्म भरताना, परीक्षेला एकटा जाताना, यादीत नाव बघताना, हाच. बापाला त्याने कधी विचारलं नव्हतं आणि बापाने कधी विषय काढला नव्हता. मला ती दोन वर्षं आठवली, आरशांची आणि न्हाणीघरांची.

काचवाल्याने दोन्ही हात समोर पसरले. तळवे एकमेकांकडे, मधे एका माणसाला पेलेल एवढ्या काचेचं अंतर. तसं नीट धरून दाखवलं, समितीला आणि मग वळून मुलाला.

"एवढीच घेईन," तो म्हणाला.

मी रडले. सरळ सांगते, तिथेच, परक्या लोकांसमोर, नाक ओढत रडले. दोनसूत रडला नाही. तो बापाच्या हातांमधलं अंतर बघत राहिला, माप घ्यावं तसं.

आम्हाला बाहेर बसवलं. व्हरांड्यात मी शिक्क्याचा दाखला फाडून बारीक तुकडे केले आणि पर्समध्येच ठेवले, कारण तिथे कचऱ्याची टोपली नव्हती. काचवाला अर्ध्या तासात एकच वाक्य बोलला, की आतल्या खिडकीची पुट्टी सुटली आहे, काच कधीही खाली येईल. मी म्हटलं, भाऊ, आत जाऊन तेवढं सांगू नका. त्याने सांगितलं. जागा दिल्याचा कागद घ्यायला आत बोलावलं, तेव्हा सही करायच्या आधी त्याने बाईंना खिडकीखालची खुर्ची हलवायला लावली. बाईंनी मुकाट्याने हलवली. शाळेकडून खुलासा मागवू, असंही त्या म्हणाल्या. तो आला की नाही, मला माहीत नाही.

घरी आल्यावर काचवाल्याने दुकानाची पाटी उतरवली. 'दुकानांच्या व शोरूमच्या काचा' ही ओळ खोडून 'आरसे, तसबिरी, तावदाने' असं रंगवून घेतलं. गल्लीतल्या जुन्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. भर बहरातली जोडी कुणी स्वतःच्या हाताने मोडतं का, म्हणाले. त्याने ऐकून घेतलं.

कॉलेज उघडायच्या चार दिवस आधी तो माझ्या दुकानात आला. नेहमीसारखा काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत उभा. ठेकेदाराचं एक शेवटचं मोठं काम आलं होतं हे मी ऐकून होते, पेढीची दर्शनी काच, आणि तारीख नेमकी दोनसूतच्या निघायच्या दिवसाची.

म्हणाला, ताई, एक अर्ज लिहायचा होता. सुट्टीचा.

माझं डोकंच फिरलं. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, त्या दिवशी हात पसरून दाखवलेत ते काय नाटक होतं का? पोराचा पहिला दिवस आणि तुम्ही त्याला काचेला जुंपणार? ह्या दुकानात ह्यापुढे कुणाचंही पोट दुखणार नाही, फाइल पुसली मी. बाहेर झेरॉक्सला उभी असलेली दोन माणसं निघून गेली.

तो शांतपणे ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला की अर्ज मुलाचा नाही, त्याचा स्वतःचा आहे. शाळेला नाही, ठेकेदाराला द्यायचा आहे. त्या दिवशी तो कामाला येणार नाही.

मी खाली बसले. म्हटलं, अहो, ठेकेदाराला कुणी अर्ज देतं का, फोन करून सांगा. नाही म्हणाला. कागदावरच पाहिजे. शाळेला एकतीस दिले, ह्यालाही एक देऊ.

मी कॉम्प्युटर चालू केला. नवी फाइल. जीभ वळवळलीच माझी, विचारलं, कारण काय लिहू, पोट? तो हसला. पंधरा वर्षांत त्याचे दात मी पहिल्यांदा बघितले, वरचा एक तुटलेला आहे. मग हसू आवरून, एकेक शब्द सुटा करून त्याने सांगितलं.

"मुलाला कॉलेजात सोडायला जायचं आहे."

मी टाइप केलं. त्याने तीनदा वाचून घेतलं. दोन प्रती काढायला लावल्या, एक ठेकेदाराला आणि एक लॅमिनेशन करून त्याला. खाली मी 'अर्जदार' लिहिलं होतं. पेन हातात घेऊन तो तिथे अडला. इथे नेहमी वेगळं असतं, म्हणाला. मी समजावलं, भाऊ, ह्या वेळी सुट्टी तुमची, म्हणून तुम्ही अर्जदार. तो पेन टेकवेना.

मग मी ते पुसलं आणि 'पालक' लिहिलं, आणि त्याने सही केली.